जुनी रेसर सायकल, कच्चा रस्ता आणि आखडलेली मान

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ५३. तरुणपणी घेतलेली, १९८०च्या दशकातली दहा गिअरची पोलादी रेसर सायकल बरीच वर्षं पोटमाळ्यावर पडून होती. ती खाली काढली, पुसली, तेलपाणी केलं आणि चालू झाली. चाकं २७ इंची, हँडल खाली वळलेलं. डांबरी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास छान वाटतं. मग हाताला मुंग्या येतात, मान आखडते, कंबर बोलू लागते. त्यात हौस कच्च्या रस्त्याची: खडी, माती, गाडीच्या चाकोऱ्या. म्हणून सरळ हँडल टाकावं, पुढे सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के शोषणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) लावावा आणि बसतील तेवढे जाड टायर घालावेत, असा बेत आहे. एक मित्र म्हणतो, "जुनी वस्तू आहे, एक स्क्रूसुद्धा बदलू नकोस." दुसरा म्हणतो, "विकून टाक आणि नवी ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची सायकल घे." कोणाचं ऐकू? ता. क. रंगाचे टवके उडालेत. कामाला हात घातलाच आहे तर रंगही देऊन घ्यावा का?

उत्तर:

तुमच्या पत्रात दुखणी तीन आहेत आणि उपायही तीन आहेत, पण कुठला उपाय कुठल्या दुखण्यावर, ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. सस्पेन्शनने हात सुटतील, सरळ हँडलने मान आणि जाड टायरने कंबर, असा काहीसा हिशोब मनात असावा. माझा हिशोब जरा वेगळा आहे. तीनपैकी एक उपाय बरोबर आहे, एक अर्धवट आहे आणि एक मी तुम्हाला करू देणार नाही. नको असलेला आधी उरकून टाकू.

रेसर सायकलचा साधा फोर्क चाकाच्या आसापासून माथ्यापर्यंत साधारण ३७ सेंटिमीटर असतो. सस्पेन्शनच्या फोर्कला दबायला जागा लागते, म्हणून तो सहज सात-आठ सेंटिमीटरने उंच भरतो. तो लावला की सायकल पुढून उचलली जाते. दर दोन सेंटिमीटरला हँडलच्या नळीचा कोन साधारण एका अंशाने ढळतो, म्हणजे तुमचे तीन-चार अंश गेले. मग सायकल वळायला आळशी होते, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि सीट मागे कलते. शिवाय तुमच्या फ्रेममध्ये एक इंची दांड्याचा, आटे पाडलेला फोर्क बसतो आणि आजचे सस्पेन्शनचे फोर्क बहुतेक त्याहून जाड दांड्याचे येतात. कोणी जुगाड करून बसवून दिलाच, तरी एवढ्या लांब फोर्कचा प्रत्येक धक्का खालच्या, म्हणजे हँडलकडून पेडलकडे तिरक्या उतरणाऱ्या नळीच्या पुढच्या सांध्यावर पडणार. ती नळी त्यासाठी बनलेली नाही. तेव्हा हा विषय इथेच संपला.

आता या बेतामागचं मोठं गृहीत. रेसर सायकल गुळगुळीत रस्त्यासाठीच असते, तिला कच्च्यावर न्यायचं तर तिचं रूपच पालटायला हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. १९१० साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजमधल्या तूरमाले घाटावरून गेली तेव्हा तिथे डांबर नव्हतं. १८९६ला सुरू झालेल्या पॅरिस–रुबे शर्यतीची ख्यातीच मुळी दगडी फरसबंदीच्या हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यांमुळे आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची मंडळी एकत्र आली ती साध्या सायकली डोंगरातल्या पायवाटांवरून न्यायला, आणि जिथे चालवणं जमणार नाही तिथे खांद्यावर टाकायला. आणि तुमच्या सायकलच्या अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर इटलीतल्या टस्कनी प्रांतात १९९७पासून होणारी 'लेरोइका'. तिथे साधारण १९८७पर्यंतच्या, खालच्या नळीवर गिअरचे दांडे असलेल्या रेसर सायकलीच चालतात, आणि वाटेचा मोठा भाग पांढऱ्या खडीचा असतो.

अर्थात तिथे जाणारे लोक हाल सोसायच्या तयारीने जातात. तुम्हाला हाल नको आहेत, आराम हवा आहे, आणि तो मागायला लाजू नका. एवढंच लक्षात घ्या की सायकलची जात बदलायची गरज नाही. तिच्यात किती जागा आहे हे मोजायचं, आणि त्या जागेत मावेल तेवढाच बदल करायचा.

पण पैसा खर्च करण्याआधी एक संध्याकाळ नुसती तपासणीला द्या. हँडलच्या नळीच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. तिथे उंचवटा, सुरकुती किंवा रंगाला आडव्या भेगा लागल्या तर सायकल कधीतरी पुढून जोरात आपटलेली आहे. अशी फ्रेम कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, तिच्यावर कितीही जीव असला तरी. मागचा आस ज्या खाचांत बसतो त्यांच्या भोवती आणि बॉटम ब्रॅकेटच्या (फ्रेममध्ये पेडलचा आस जिथे बसतो त्या भागाच्या) सांध्यांवर बारीक तडे दिसतात का, ते चांगल्या उजेडात पाहा. हँडल आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा, फ्रेमच्या नळीत उतरणारा दांडा) अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर आणखी कडक व्हा. पोलाद बहुधा वाकून किंवा कुरकुरून इशारा देतं, थकलेलं अ‍ॅल्युमिनियम कधी कधी एकदम तुटतं. खड्ड्यांत अंगाचा भार हातांवर येत असताना हँडल तुटणं म्हणजे काय, ते मी वर्णन करत बसत नाही. मधल्या काळात सायकल कोणी कशी वापरली हे ठाऊक नसेल तर हँडल नवं घ्या.

ब्रेकचंही तेच. काही जुन्या रेसरना हँडलच्या वरच्या आडव्या भागाखाली जादाचे ब्रेक लिव्हर असतात. ते लवचीक असतात, त्यांची ओढ कमी पडते आणि खऱ्या लिव्हरचीही चाल खातात. काढून टाका. रबरं, तारा आणि तारांवरचं आवरण सगळं नवं घाला. रिम चकचकीत क्रोमच्या, म्हणजे पोलादी असतील, तर ओल्यात ब्रेक लागतो की नाही याची वाट बघावी लागते. त्या बदलण्याचं निमित्त पुढे येतंच आहे.

आता टायर. तुमचा बरोबर असलेला उपाय हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

खडीचा जो बारीक, सततचा थरथराट असतो तो हवाच सगळ्यात चांगला गिळते. तुमच्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३२-६३० असं काहीतरी छापलेलं असेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तुमची २७ इंची चाकं म्हणजे ६३०. आज रेसर आणि ग्रॅव्हल सायकलींना जी चाकं येतात, ज्यांना ७००सी म्हणतात, ती ६२२. नावावरून ती जवळजवळ सारखी वाटतात, पण टायर एकमेकांना बसत नाहीत. ६३० मापात आज टायर मिळतात, पण निवड फार थोडी आणि ३२च्या वर जवळपास काहीच नाही. ६२२मध्ये हवं ते मिळतं.

या दोन मापांच्या व्यासात फरक ८ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्येत ४चा. जुन्या चाकाच्या जागी ६२२चं चाक घातलं की ब्रेकची रबरं ४ मिलिमीटर खाली सरकवावी लागतात. ब्रेकच्या बाहूत उभी खाच असते, तिच्यात रबराखाली एवढी जागा उरली आहे का ते पट्टीने बघा. बऱ्याचदा असते. नसेल तर लांब बाहूचे ब्रेक मिळतात.

आणि इथे एक सुखद योगायोग आहे. ६३०च्या रिमवर ३२चा टायर घातला की चाकाची त्रिज्या होते साधारण ३४७ मिलिमीटर. ६२२च्या रिमवर ३५चा घातला की ३४६. म्हणजे चाक तेवढंच, सायकलची उंची तीच, वळण्याची सवय तीच, आणि टायर मात्र अधिक रुंद. वरच्या बाजूची फट आहे तशीच राहते, फक्त दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर जागा जास्त लागते.

ती आहे की नाही हे कसं मोजायचं? अ‍ॅलन किल्ल्यांचा जुडगा घ्या. टायर आणि फ्रेम यांच्यामधून ६ मिलिमीटरची किल्ली सहज जात असेल तर आणखी रुंद टायरला वाव आहे. ४चीच जेमतेम जात असेल तर आहे तिथेच थांबा. बघायच्या जागा चार: बॉटम ब्रॅकेटच्या मागे जिथे खालच्या दोन नळ्या जवळ येतात, मागच्या ब्रेकची आडवी पट्टी, फोर्कचा माथा, आणि सगळे विसरतात ती, ब्रेकची स्वतःची कमान. नवा टायर बसवल्यावर प्रत्येक बाजूला चारेक मिलिमीटर तरी मोकळे राहायला हवेत. चाक थोडं आउट झालं, एखादा स्पोक तुटला, टायरला खडा चिकटून आला, तरी घासता कामा नये. चिखलात जाणार असाल तर आणखी. मडगार्ड हवे असतील तर त्यांची जागा वेगळी धरा, आणि पाय पेडलवर ठेवून हँडल पूर्ण वळवून बघा. बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागत असेल तर अरुंद वळणावर कधी ना कधी आपटाल.

"बसतील तेवढे जाड" हा तुमचा शब्दप्रयोग मला खटकला तो यासाठी. कसेबसे बसणारे टायर आणि नीट बसणारे टायर यांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक असतो, आणि बेत करायचा तो नीट बसणाऱ्यांचा.

कोणी तुम्हाला ६५०बी चाकं सुचवेल. हे फ्रान्समधल्या भटक्या सायकलस्वारांचं जुनं लाडकं माप, व्यास ५८४. चाक लहान, म्हणून टायर अधिक जाड मावतो. कल्पना चांगली आहे, पण तुमच्या सायकलवर ब्रेकची रबरं २३ मिलिमीटर खाली न्यावी लागतील, आणि ४२चा टायर घालूनही बॉटम ब्रॅकेट आजच्यापेक्षा तेरा-चौदा मिलिमीटर खाली येईल. दगडगोट्यांत पेडल टेकायला तेवढं पुरतं. ज्यांच्या सायकलला मुळात ७००सीचे बारीक टायर आहेत त्यांना हा बदल जास्त मानवतो, कारण त्यांची उंची फारशी घटत नाही. तुम्ही या वाटेला आत्ता जाऊ नका.

टायर घेऊन काम संपत नाही, कारण बहुतेक लोक त्यात हवा दगडासारखी भरतात. कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरा असं तो सांगत नाही. सायकलतज्ज्ञ फ्रँक बर्टो यांनी मांडलेला एक अंदाज सोपा आहे: वजन पडल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के दबावी. ३५च्या टायरला म्हणजे पाचेक मिलिमीटर. मध्यम वजनाच्या माणसाने मागे ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), पुढे ४५ अशी सुरुवात करावी आणि दर फेरीला थोडी थोडी उतरवत जावी. रिम दगडावर टण्णकन आपटायला लागली की दोन-चार पीएसआय परत वाढवा, तो तुमचा आकडा. हलक्या माणसाचा यापेक्षा कमी येईल, भारी माणसाचा जास्त. आणि कमी हवेने वेग जातो हा जुना समज आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर तुम्हाला उचलतो आणि ती ताकद तुमच्याच पायांतून जाते. जुन्या रिमना कडेला आतून टायर धरून ठेवणारा हूक नसतो, त्यामुळे जास्त हवेने टायर निसटू शकतो, हेही कमी हवेच्याच बाजूने बोलणारं कारण. नक्षी मात्र फार खोल घेऊ नका. कोरड्या मातीवर आणि खडीवर बारीक नक्षीचा टायर उत्तम चालतो. मोठ्या गोट्यांची नक्षी चिखलासाठी, आणि डांबरावर ती नुसती गुरगुरते.

रिम बदलायच्या तर पूर्ण नवं चाक घेण्याआधी मागच्या खाचांमधलं अंतर मोजा. पाच चक्रांच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याच्या) सायकलींना ते बहुधा १२० मिलिमीटर असतं, सहा-सातवाल्यांना १२६. आजची चाकं १३० किंवा १३५ची. पोलादी फ्रेम तेवढी फाकवता येते, पण दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात आणि नंतर खाचा समांतर करून घ्याव्या लागतात. हे काम ज्याने आधी केलेलं आहे अशाच मेकॅनिककडे द्या, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तर कधीच नाही. मला विचाराल तर जुने हब (चाकांचे मधले गाभे) चांगले फिरत असतील तर तेच ठेवा. त्यांची बेअरिंगं धुऊन ग्रीस भरा, नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या ६२२ रिम घ्या, हबला जितकी भोकं तितक्याच भोकांच्या, आणि नवे स्पोक घालून चाकं बांधून घ्या. ब्रेक, टायर आणि रिम या तिन्ही गोष्टी एका फटक्यात सुटतात. सगळ्या खर्चात हाच खर्च मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आता हँडल, म्हणजे तुमचा अर्धवट उपाय. मान आणि हात दुखतात म्हणून दोष खाली वळलेल्या हँडलच्या आकाराला दिलात, पण ते किती खाली आणि किती लांब आहे हे पत्रात नाही. ही सायकल तुम्ही पंचविशीत बसवून घेतली असणार. तेव्हाचं शरीर आणि आजचं शरीर यांत सायकलने काहीच बदल केलेला नाही.

सुरुवात सीटपासून करा, कारण हातांचं दुखणं बरेचदा सीटवर सुरू होतं. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. सीट जमिनीला समांतर करा. उंचीसाठी टाच पेडलवर ठेवून पाय खाली न्या, गुडघा जेमतेम सरळ व्हावा. सीट थोडी मागे घेतली की हातांवरचा भार हलका होतो, बरेच जण नेमकं उलट करतात. गादी फार मऊ नको. बसायची दोन हाडं टेकतील एवढी रुंद आणि बऱ्यापैकी घट्ट सीट लांबच्या फेरीत जास्त सुखाची. सीटपोस्ट बदलायची वेळ आली तर त्यावर कोरलेलं माप बघून तेवढंच घ्या, २७.२ आणि २६.८ डोळ्याला सारखेच दिसतात.

मग स्टेम. वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने टकटक करा, आतली पाचर सुटली की स्टेम वर येतो. त्यावर कमाल उंचीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. यात कसलीच सूट नाही. तेवढ्याने भागत नसेल तर उंच दांड्याचा आणि दोन-तीन सेंटिमीटरने आखूड स्टेम घ्या. दांड्याचा व्यास सहसा २२.२ मिलिमीटर, पण जुन्या फ्रेंच सायकलींत २२.० असतो, आणि २२.२चा स्टेम त्यात ठोकून बसवणारे बहाद्दर भेटतात. त्यांना भेटू नका. हँडल सीटच्या पातळीवर आलं की तुमच्या वयाच्या बहुतेकांची मान सुटते.

शेवटी ब्रेकचे लिव्हर. त्या काळी ते वळणावर बरेच खाली बसवत. ते वर घेतले, किंवा रुंद रबरी माथ्याचे नवे लिव्हर लावले, की हात ठेवायला ऐसपैस जागा मिळते आणि बहुतेक वेळ तुम्ही तिथेच असाल. हँडलला दुहेरी टेप गुंडाळा.

हे सगळं करूनही खाली वळलेलं हँडल नकोच वाटलं तर बदला, त्यात कमीपणा नाही. पण अगदी सरळ दांडा घेऊ नका. त्यावर मनगट एकाच स्थितीत अडकतं. मागे वळलेलं, जुन्या घरगुती सायकलींसारखं हँडल घ्या. एक अडचण आधीच सांगतो: रेसर हँडल लिव्हरच्या जागी २३.८ मिलिमीटर जाड असतं आणि सरळ किंवा मागे वळलेलं २२.२, म्हणून लिव्हरही बदलावे लागतात. ते तुमच्या ब्रेकच्या ओढीचे हवेत. व्ही-ब्रेकचे (माउंटन बाइकवर येणाऱ्या एका प्रकारच्या ब्रेकचे) लिव्हर जास्त तार ओढतात, पण तुमच्या ब्रेकवर त्यांची पकड कमी बसते. आणि पार ताठ बसण्याचा मोह आवरा. ताठ बसलं की डांबरावर आराम, पण खड्ड्यात धक्का सीटमधून थेट मणक्यात जातो. थोडं पुढे झुकून, खड्डा दिसला की सीटवरून अर्ध्या इंचाने उठलात तर गुडघे आणि कोपर तो धक्का खातात. तुम्ही शोधत असलेलं सस्पेन्शन तेच, आणि ते फुकट आहे.

मुंग्या नेमक्या कुठे येतात तेही बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब येतोय. अंगठा आणि पहिली दोन बोटं असतील तर मनगट मागे वाकतंय. दोन्हीला वरचे बदल लागू पडतात. पण सायकलवरून उतरल्यावरही बधिरता राहिली, किंवा पकड कमी झाली, तर मेकॅनिककडे न जाता डॉक्टरकडे जा.

गिअरबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण कच्च्या चढावर पहिली तक्रार तिथूनच येणार. पुढे ५२ आणि ४२ दात्यांची चक्रं आणि मागे सर्वांत मोठं २८चं, अशी जोडी त्या काळात सर्रास असे. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पेडलच्या एका फेऱ्यात चाक दीड वेळा फिरणार. सैल खडीच्या चढावर एकास एकच्या जवळ जायला हवं. मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील घाला आणि त्यासाठी लांब हाताचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग). पुढचं लहान चक्र किती लहान करता येईल हे क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बोल्टांच्या वर्तुळावर ठरतं: १४४ मिलिमीटरवर कमीत कमी ४१ दाते, १३०वर ३८, ११०वर ३४. तुमचे गिअरचे दांडे घर्षणावर चालतात, त्यात टकटक खाचा नाहीत, म्हणून मागे पाच चक्रं असोत की सात, त्यांना फरक पडत नाही. जुन्या सायकलचा हा मोठा गुण. फक्त खड्ड्यांत हात सोडून खालच्या नळीपर्यंत नेणं धोक्याचं वाटलं तर तसेच दांडे हँडलच्या टोकांना बसवता येतात.

आता तुमचे दोन मित्र. पहिल्याला विचारा, ही सायकल दुर्मीळ आहे का? हाताने बनवलेली फ्रेम, नळ्यांवर रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस अशा नामांकित पोलादी नळ्यांचा छाप, सगळे भाग मूळचे, असं असेल तर त्याचं म्हणणं थोडं ऐका. नुसत्या जुनेपणाने सायकल ठेवा होत नाही; दहा गिअरच्या रेसर त्या काळात ढिगाने निघाल्या. आणि वर सांगितलेले बदल जवळजवळ सगळे उलटवता येतात. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून एका खोक्यात ठेवा. उलटवता न येणारी कामं म्हणजे फ्रेम फाकवणं, काहीतरी डाखणं आणि रंग. त्या तिन्हींना सावकाश हात घाला.

दुसरा मित्र तुम्हाला वाटतो तेवढा निष्ठुर नाही. मागच्या नळ्यांत २८च्या वर टायर मावत नसेल, किंवा तुमचा रस्ता म्हणजे मुठीएवढे दगड आणि लांब ओले उतार असतील, तर तो बरोबर आहे. ४०च्या वरचे टायर आणि डिस्क ब्रेक यांना जुन्या रेसरवर पर्याय नाही. मात्र नव्या सायकलआधी आणखी एक पर्याय बघा, जो दोघांनीही सुचवला नाही: १९८०–९०च्या दशकांतली, सस्पेन्शन नसलेली पोलादी माउंटन बाइक. दोन इंची टायर, भरपूर फट आणि चढाचे गिअर तिच्यात मुळातच असतात. हँडल आणि टायर बदलले की कच्च्या रस्त्याला ती फार गुणी निघते, आणि तुमची रेसर डांबरावर तिच्या मूळ रूपात धावत राहू शकते. चाकं, ब्रेक, क्रँक, स्टेम सगळंच बदलायची वेळ येत असेल तर हाच हिशोब सरळ पडतो.

माझा क्रम सांगतो. या आठवड्यात सीट आणि स्टेम, आहे त्या सामानातच, आणि आहे त्या टायरमधली हवा थोडी कमी. काही फेऱ्या त्याच एका रस्त्यावर मारा. मग फटी मोजून चाकं आणि टायर, ब्रेक त्यांच्याबरोबरच. हँडल आणि गिअर सगळ्यात शेवटी, गरज उरली तर. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर आराम कशाने वाटला आणि नवं दुखणं कशाने आलं हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि रंग. आत्ता नको. आधी फ्रेम तुम्हाला मानवते का ते वर्षभर चालवून कळू दे. फ्रेम फाकवायची किंवा मडगार्डचे कान डाखायचे ठरलं तर नवा रंग तिथेच जळेल किंवा तडकेल. तोवर टवक्यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून त्यावर साधं प्रायमर लावा. आतल्या गंजाची काळजी जास्त घ्या: सीटपोस्ट काढून नळीत थोडं पातळ तेल सोडा, सायकल आडवी-उभी करून ते फिरवा, आणि सीटपोस्ट परत बसवताना त्याला ग्रीस लावा. उद्या रंग द्यायचाच ठरला तर पातळ नळ्यांवर वाळूचा जोरदार मारा करून घेऊ नका, आणि आट्यांच्या जागा आधी झाकायला सांगा.